दिवा लागला, म्हणजे काम झाले?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी कागदावर माझा व्यवसाय 'वीजतंत्री' असा लिहिलेला आहे. लोक मला वायरमन म्हणतात, आणि हाकेला ओ द्यायची तर मी त्याच नावाला देतो. आज मला इथे बोलावले आहे ते मात्र हे काम मी फार उशिरा शिकलो म्हणून. आयटीआयच्या वर्गात पहिल्या दिवशी जाऊन बसलो तेव्हा माझे वय 39 होते. शेजारच्या बाकावरचा मुलगा 16 वर्षांचा होता.

त्याआधी सोळा वर्षे मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात कारकून होतो. शिक्षण बी.कॉम. माल आला की नोंद, माल गेला की नोंद, महिनाअखेरीला दोन्हींचा मेळ. 2004 च्या डिसेंबरात कारखान्याला टाळे लागले. त्या रस्त्यावर तेव्हा ही काही नवलाची गोष्ट नव्हती. एकेक भोंगा बंद होत होता, आणि आपला होईपर्यंत तो शेजाऱ्याचा वाटतो, एवढेच. हिशेब मिळाला, थोडा लवकर, थोडा भांडून. मग मी अर्ज करत सुटलो. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "टॅली येते का?" येत नव्हती. शिकलो असतो, पण ज्यांना येत होती ती पोरे पंचविशीतली होती आणि माझ्या निम्म्या पगारात तयार होती.

आता वायरमनकीच का? तर घरात आणि शेजारीपाजारी पंखा अडला, ट्यूब फडफडली, की मला बोलावणे येई. हातात टेस्टर आणि पक्कड असली की माणसाला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. कळव्याच्या आमच्या चाळीतले एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला लाइटीचं सगळं येतंच. कार्डं छापा आणि सुरू करा." कार्डाचा मजकूरसुद्धा मी लिहून काढला होता. पत्नीने तो वाचला. ती बालवाडीत शिकवत असे. म्हणाली, "पोरांना एक ते दहा शिकवायला मला कोर्स करावा लागला. तुम्ही विजेत हात घालणार आणि कोर्स नको?"

मी चिडलो. दोन वर्षे घरात पैसा कुठून येणार, हा प्रश्न माझ्याकडे तयार होता. तिच्याकडे उत्तरही तयार होते. बालवाडीचा पगार, संध्याकाळच्या शिकवण्या आणि बँकेत ठेवलेल्या हिशेबाच्या रकमेचे व्याज. कागदावर ते जेमतेम जुळत होते. मी कारकून, मला ते नाकारता येईना.

आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नव्हती. ट्रेड दोन होते. वीजतंत्री आणि तारतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि वायरमन. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला गणित-विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण लागते आणि त्यात मोटारी, ट्रान्सफॉर्मर, यंत्रांचे भाग जास्त. वायरमनचा भर नावाप्रमाणे वायरिंगवर. प्रवेश दहावीच्या गुणांवर. तेवीस वर्षांपूर्वीची गुणपत्रिका मी ट्रंकेतून काढली, तिच्या घड्या उलगडताना ती फाटली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, वर पाहिले आणि विचारले, "मुलगा कुठाय? सही त्याची लागेल." मी म्हटले, "मीच मुलगा."

घरी हा किस्सा सांगून आम्ही हसलो खरे, पण सगळेच काही हसण्यासारखे नव्हते. मुलगी पाचवीत होती. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. तिने विचारले, काय लिहू? मी म्हटले, विद्यार्थी लिही. तिने पेन्सिलीने लिहिले, म्हणजे पुढे खोडता येईल. लग्नकार्यात नातेवाईक माझी ओळख 'कंपनीत आहेत' अशीच करून देत. कोणत्या कंपनीत, हे विचारणारा भेटला की ते पंगतीची घाई करत. बी.कॉम. झालेल्या माणसाने शिडी खांद्यावर घेऊन फिरायचे, हे त्यांना पटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा ते पुरते पटलेले नव्हते. मी एक खूणगाठ बांधून वर्गात गेलो होतो की आपल्याला बहुतेक येतेच आहे, सर्टिफिकेट तेवढे घ्यायचे.

वर्ग सुरू झाला 2005 च्या ऑगस्टमध्ये. 26 जुलैचा तो पाऊस तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. आमच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते. आमचे शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारे सर, तिशीतले होते, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. विचारले, "पाणी ओसरल्यावर घरातला मेन स्विच कोणी कोणी स्वतः चालू केला?" अर्ध्या वर्गाने हात वर केले. मीही केला, आणि जरा रुबाबात, कारण आमच्या चाळीतल्या पाच घरांचे स्विच मी चालू करून दिले होते.

सरांनी टेबलाखालून एक लाकडी स्विचबोर्ड काढला. त्यांच्याच घरातला, पुरात भिजलेला, नंतर आठवडाभर उन्हात ठेवलेला. हाताला कोरडा लागत होता. त्याला त्यांनी मेगर लावला. मेगर हे वायरीच्या आवरणातून किंवा बोर्डातून वीज किती झिरपते ते तपासायचे यंत्र, हाताने फिरवायच्या दांड्याचे. रोध निदान 1 मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, यायला हवा. काटा शून्याजवळून हललाच नाही. "आता पुन्हा सांगा," सर म्हणाले, "कोणी कोणी चालू केला?" या वेळी हात वर आले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काका, तुम्ही किती घरांचे केलेत?"

वर्गात मी त्या दिवसापासून 'काका' झालो.

पहिले काही महिने विजेशी संबंधच आला नाही म्हटले तरी चालेल. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि कानशीने घासून काटकोनात आणायची. मग करवत, मग ड्रिल, मग लाकूडकाम. मुले कंटाळत. माझे हात सोळा वर्षे पेन धरलेले. पहिल्याच आठवड्यात तळव्याला फोड आले. मग वायरींचे जोड. साधा पिळाचा, मॅरिड, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. मी आजवर वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली की जोड झाला असे समजत होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या रात्री टेपेखालून वास येतो. लोक याला शॉर्टसर्किट म्हणून मोकळे होतात.

गणित मी पार विसरलो होतो. ओहमचा नियम मला बाकावरच्या सोबत्याने शिकवला. "काका, व्ही बरोबर आय गुणिले आर. एवढंच!" बदल्यात मी त्याला अर्ज कसा लिहायचा ते शिकवले, कारण त्याला 'महोदय'नंतर काय लिहावे हे सुचत नसे. त्या नियमावरचे एक उदाहरण मात्र माझ्या मनात कायमचे बसले. आपल्या घरात 230 व्होल्टचा दाब असतो. 60 वॉटचा जुना बल्ब त्यावर साधारण पाव अँपिअर वीज घेतो, म्हणजे 260 मिलिअँपिअर. आणि माणसाला विजेचा झटका बसत असताना पुरवठा तोडणारे जे साधन घरात बसवतात, आरसीसीबी, ते 30 मिलिअँपिअरला तुटेल असे केलेले असते. का, तर त्याच्या वर गेले की छातीचे ठोके बिघडण्याचा धोका. एक बल्ब लावणाऱ्या विजेचा आठवा-नववा हिस्सा. फ्यूज त्या वेळी काही करत नाही, कारण फ्यूजच्या दृष्टीने घरात बल्बएवढेसुद्धा काही लागलेले नसते.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधीची गोष्ट. फळ्यावर विषय होता, स्विच नेहमी फेजवर असावा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात येणाऱ्या दोन वायरींपैकी फेज ही जिवंत, तिला हात लागला तर झटका बसतो. न्यूट्रल ही परतीची. स्विच दोहोंपैकी कुठल्याही वायरीवर बसवला तरी बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि पुन्हा दाबल्यावर विझतो. फरक दिसत नाही. पण स्विच न्यूट्रलवर असेल, तर दिवा विझलेला असतानाही होल्डरपर्यंत फेज आलेलीच असते. बटण बंद आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे बल्ब काढतो आणि त्याचे बोट होल्डरच्या पिनेला लागते.

मी वहीत आकृती काढत होतो. माझ्या आकृत्या चांगल्या असत. आखणी हा कारकुनाचा हातखंडा. अर्धी आकृती झाली आणि मला डोंबिवली आठवली. धाकट्या बहिणीच्या घरी 1996 साली न्हाणीघरातला दिवा मी बसवला होता. जुन्या वायरी दोन्ही एकाच रंगाच्या होत्या. कुठली फेज आणि कुठली न्यूट्रल, हे मी पाहिले होते का? काही केल्या आठवेना. बटण दाबले, दिवा लागला, बहिणीने "दादा, आलं हं" म्हणून आतून सांगितले, आणि आम्ही जेवायला बसलो, एवढे आठवत होते.

संध्याकाळी घरी न जाता तसाच डोंबिवलीला गेलो. बटण बंद केले, स्टुलावर चढलो, बल्ब काढला आणि होल्डरच्या एका पिनेला टेस्टर लावला. काही नाही. दुसऱ्या पिनेला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

नऊ वर्षे. तिथे रोज पाणी सांडलेले असे. मी खाली उतरलो आणि बहिणीला सांगितले की हे मी चुकीचे बसवले होते. तिला नीटसे कळले नाही. कळले ते भाच्याला. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. म्हणाला, "मामा, मला एकदा बल्ब बदलताना झिणझिण्या आल्या होत्या. मी कोणाला बोललो नाही. मला वाटलं, येतातच." मी विचारले, कशावर उभा होतास? त्याने मी नुकताच ज्यावरून उतरलो होतो त्या स्टुलाकडे बोट केले. कोरडे, लाकडी स्टूल होते.

त्या रात्री मेन स्विच बंद करून मेणबत्तीच्या उजेडात मी वायरी बदलून घेतल्या. हात स्थिर नव्हते, ते बहिणीनेही पाहिले. घरी येऊन वहीचे शेवटचे पान काढले आणि सोळा वर्षांच्या सवयीने तक्ता आखला. घर, काम, साल, तपासले किंवा नाही. आजवर हौसेने किंवा शेजारधर्म म्हणून जिथे जिथे मी विजेचे काही केले होते, ती ठिकाणे आठवून लिहिली. अकरा भरली.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा फेरा सुरू केला. लोकांना वाटे फराळाला आला. आठ घरी सगळे ठीक निघाले, त्यात एक डोंबिवलीचे, आता दुरुस्त केलेले. एका घरी स्विच न्यूट्रलवर होता. एका घरी मी त्याहून वाईट करून ठेवले होते. त्यांच्याकडे अर्थिंगची वायर आलेली नव्हती आणि इस्त्रीला तर तीन पिनांचा प्लग. तेव्हा मी डोके चालवून सॉकेटच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिली होती. बाहेर कुठे न्यूट्रल तुटली असती, तर इस्त्रीच्या पत्र्यातच वीज उतरली असती. शिवाय ते घर दरम्यान विकले गेले होते. दार उघडणाऱ्या अनोळखी बाईंना मी काय सांगणार? तुमच्या भिंतीतला सॉकेट मी सात वर्षांपूर्वी चुकीचा जोडला आहे, मला आत येऊ द्या? त्यांनी दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी पत्नीला बरोबर घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी साखळी काढली. अकरावे ठिकाण मुंब्र्याची एक खोली. मित्र गावी निघून गेला होता, खोली कोणाला दिली ते कोणाला ठाऊक नव्हते, आणि तीनदा जाऊनही कुलूपच दिसले. पुढे ती चाळ पाडली, असे ऐकले. तक्त्यातली ती ओळ तशीच राहिली आहे.

एवढे झाल्यावर वर्गातला माझा रुबाब संपला, आणि शिकणे तिथून सुरू झाले, असे म्हटले तरी चालेल. दुसऱ्या वर्षाचे फार सांगत नाही. मोटारींचे वळसे गुंडाळणे माझ्या डोळ्यांना जड गेले. अर्थिंगचा खड्डा खणायची पाळी आली तेव्हा मुलांनी फावडे माझ्या हातून काढून घेतले आणि मीठ-कोळशाचे थर द्यायचे हलके काम मला दिले. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचे असते. आपल्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना सांगता येईल? मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी त्यावर तुळशीची कुंडी तरी असते किंवा लादी तरी.

2007 ला परीक्षा पास झालो आणि पुढचे एक वर्ष एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली. हे वर्ष पुष्कळ जण टाळतात, मानधन थोडे असते म्हणून. तिथल्या देखभाल विभागात निवृत्तीला आलेले एक जुने इलेक्ट्रिशियन होते. त्यांची एकच शिस्त. ज्या लाइनवर काम करायचे तिचा किटकॅट काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, बोर्डाच्या वर नाही, सोबत्याकडेही नाही. तरीही हात लावण्यापूर्वी टेस्टर लावायचा, आणि टेस्टर लावण्यापूर्वी तो चालू लाइनवर लावून बघायचा, कारण टेस्टरच बिघडला असेल तर? मला सुरुवातीला हे फार वाटे. आता मी स्वतः तेच करतो आणि माझ्या हाताखालची मुले एकमेकांकडे बघून हसतात.

मग परवान्याचा विषय. आयटीआयचे प्रमाणपत्र हातात आले की आपण मोकळे झालो असे नाही. विजेची मांडणी करायची तर कंत्राटदार परवानाधारक हवा, देखरेख करणाऱ्याकडे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र हवे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परवाना हवा. हे 1956 च्या नियमांतही होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे त्यातून वगळलेली आहेत. नवी वायरिंग, वाढीव पॉइंट, एसीची वेगळी लाइन ही किरकोळ कामे नव्हेत. घरमालक फरशीवाल्याला दहा ठिकाणी चौकशी करून आणतो, आणि वायरिंगवाल्याला परवाना विचारायला लाजतो. विचारा. ज्याच्याकडे आहे त्याला राग येणार नाही.

आता पैशाचे. पहिली तीन वर्षे माझी कमाई कारकुनीच्या पगारापेक्षा कमी होती, आणि ती दर महिन्याला वेगळी असे. काम झाल्यावर "पुढच्या आठवड्यात या" असे सांगणारे लोक चाळीतही भेटतात आणि टॉवरमध्येही. शिडीवर चढून माझे गुडघे गेले आहेत. उलट बाजूला, पूर्वीची सोळा वर्षे वाया गेली नाहीत. मी प्रत्येक घराची वही ठेवतो. कुठल्या पॉइंटला किती चौरस मिलिमीटरची वायर, कुठल्या साली, कुठला एमसीबी. दहा वर्षांनी फोन आला तरी पान उघडून सांगू शकतो. गिऱ्हाईक टिकले ते या वहीमुळे. पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्रही घेतले. मुलीचे शिक्षण याच कामावर झाले. तिच्या महाविद्यालयाच्या फॉर्मवर तिने काय लिहिले ते मी मुद्दाम पाहिले. 'इलेक्ट्रिशियन', शाईने.

आता साठीला आलो आहे, आणि गेल्या वर्षी पुन्हा वर्गात बसलो. 2024 मध्ये घरांच्या छपरावरच्या सौर वीजनिर्मितीसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली आणि आमच्या भागात पॅनेल बसवायची मागणी सुरू झाली. पॅनेलमधून येते ती डीसी वीज. आपल्या नेहमीच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तोडताना पडणारी ठिणगी विझायला मदत होते. डीसीला असा शून्य नाही. ठिणगी लांबते, जळत राहते. म्हणून एसीचा एमसीबी तिथे चालत नाही, डीसीचा वेगळा लागतो. हे मला कळायला साठ वर्षे लागली. वर्गात एका मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही इथे कसे?" काकाचा आजोबा झालो, एवढीच बढती.

या वर्गात बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ होते. पुण्याच्या कॉल सेंटरमधली नोकरी गेलेली, घरात दोन मुले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "खरं सांगा, किती दिवसांत जमतं?" काही आठवड्यांचे अल्पमुदतीचे कोर्स आता पुष्कळ निघाले आहेत. वाईट नाहीत ते. मदतनीस म्हणून उभे राहायला, हत्यारांची ओळख व्हायला उपयोगी पडतात. मी त्यांना म्हटले, दिवा लावायला आठ दिवसांत शिकाल, आणि मग त्यांना माझ्या बहिणीच्या न्हाणीघराची गोष्ट सांगितली, अकरा घरांसकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "माझ्यापण सासुरवाडीला मी एक गीझर लावून दिलाय."

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन सुरू होतात, ते त्यांना लिहून दिले. जुनी गुणपत्रिका आधी लॅमिनेट करून घ्या, तेही सांगितले. आणि गीझर बघायला रविवारी आम्ही दोघे जाऊन आलो. अर्थिंग नव्हते. आता आहे.